पक्क्या लायसन्सची ड्रायव्हिंग टेस्ट: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेस्टमध्ये तुमचा वेग कुणी बघत नाही. गाडी हळू चालवली तरी ताब्यात राहते का, थांब म्हटल्यावर थांबते का आणि निघताना तुम्ही मागे बघता का, एवढंच बघितलं जातं. शिकताना मात्र सगळ्यांना घाई असते ती टॉप गिअर टाकायची. खालची बरीचशी उत्तरं म्हणूनच हळू गाडी चालवण्याबद्दल आहेत.

कच्चं लायसन्स हातात आहे. पक्की टेस्ट कधी देता येते?

शिकाऊ परवाना निघाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाले की. त्याची मुदत ६ महिने असते, म्हणजे मधल्या साधारण ५ महिन्यांत टेस्ट उरकायची. मुदत संपली तर पुन्हा नव्याने कच्चं लायसन्स काढण्यापासून सुरुवात. सारथी पोर्टलवर (लायसन्सच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज भरून, फी भरून स्लॉट घ्यायचा असतो. सोयीचा स्लॉट लगेच मिळेल असं धरून चालू नका. ३० दिवस पुरे झाल्या झाल्या पोर्टल उघडून पुढची तारीख धरून ठेवा आणि उरलेले दिवस सराव करा. पाचवा महिना संपत आल्यावर धावाधाव करणाऱ्याला एकदा नापास व्हायचीही सवड राहत नाही.

मी खारघरला राहतो, पण ऑफिस ठाण्यात आहे. कुठल्या आरटीओत जायचं?

ठाण्याचा क्रमांक एमएच-०४, कल्याण-डोंबिवलीचा एमएच-०५, वाशी-नेरुळ-ऐरोली या नवी मुंबईच्या पट्ट्याचा एमएच-४३ आणि पनवेलचा एमएच-४६. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग बोलताना आपण नवी मुंबईत धरतो, पण तो पनवेल तालुक्यात येतो, त्यामुळे एमएच-४६. इथेच अनेकांची गल्लत होते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो. तरी पत्त्याच्या जवळचं कार्यालय निवडलेलं बरं, कारण नापास झालात तर पुन्हा तिथेच खेपा घालायच्या आहेत.

स्लॉटची पावती नीट वाचा. कार्यालयाची इमारत आणि टेस्टचं मैदान एकाच जागी असेल असं नाही. आदल्या दिवशी मैदानावर एक चक्कर मारून आलात तर गाडी कुठून आत घेतात आणि रांग कुठे लागते ते कळतं. सकाळी त्यावरून गोंधळ होत नाही.

खर्च किती येतो?

केंद्रीय नियमांतले दर असे आहेत: कच्च्या लायसन्ससाठी प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि संगणकावरच्या परीक्षेचे ५० रुपये. पक्क्यासाठी टेस्टचे प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये आणि लायसन्सचे २०० रुपये. म्हणजे गिअरची दुचाकी आणि कार दोन्ही एकदम काढायचं असेल तर टेस्टचे ६०० आणि लायसन्सचे २००. त्यावर स्मार्ट कार्ड आणि टपालाची रक्कम लागते, ती पैसे भरताना स्क्रीनवर दिसते. ड्रायव्हिंग स्कूलने सांगितलेल्या आकड्यात सरकारी फी किती आणि त्यांची फी किती, हे वेगवेगळं लिहून मागा.

टेस्टच्या दिवशी कुठले कागद लागतात?

मूळ कच्चं लायसन्स, स्लॉटची पावती, फी भरल्याची पावती, आधार कार्ड आणि अर्जाला जोडलेल्या वयाच्या व पत्त्याच्या पुराव्यांच्या मूळ प्रती. हे बहुतेक सगळे आणतात. लोक अडकतात ते गाडीच्या कागदांवर. आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, चालू विमा आणि पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला. विमा कालच संपलेला असेल किंवा पीयूसीची तारीख उलटली असेल तर गाडी टेस्टला घेत नाहीत आणि तुमचा दिवस फुकट जातो. नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्षभर पीयूसी लागत नाही. मित्राची गाडी मागून नेणार असाल तर हे कागद आदल्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी बघा, "आहे सगळं डिकीत" यावर विसंबू नका.

आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि शिकाऊ परवान्यावरचा मजकूर जुळतो का, तेही एकदा ताडून पाहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांची इथे हमखास पंचाईत होते.

गाडी कुठली न्यायची, घरची की ड्रायव्हिंग स्कूलची?

ज्यावर हात बसला आहे ती. स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, आणि तिथेच एक धोका आहे: तीन आठवडे शिक्षक गुपचूप क्लच सांभाळत असतात आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. शेवटच्या चार-पाच दिवसांत शिक्षकांना सांगा, "सर, पाय पूर्ण बाजूला ठेवा." मग खरं काय ते कळतं.

शिकवणीच्या गाडीची क्लच प्लेट झिजलेली असली की क्लच बराच वर आल्यावर गाडी हलते. घरच्या नव्या गाडीत तोच बिंदू खाली असतो. स्कूलच्या गाडीवर शिकून थेट घरच्या गाडीवर टेस्ट दिली की पहिल्याच झटक्यात गाडी बंद पडते ती यामुळे. टेस्टची गाडी बदलणार असाल तर त्या गाडीवर आधी निदान तासभर हात फिरवा.

दुचाकीचा प्रकार जुळला पाहिजे. अर्ज गिअरच्या दुचाकीचा आणि नेली स्कूटी, तर टेस्ट होत नाही. उलट गिअरचं लायसन्स असेल तर त्यावर बिनगिअरची स्कूटर चालते.

मैदानावर जाताना तुम्ही अजून शिकाऊच आहात. पुढे-मागे लाल 'एल' हवा: पांढऱ्या पाटीवर, पाटी किमान १८ सेंमी चौरस, अक्षर किमान १० सेंमी उंच. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. दुचाकीवर मागे बसणाराही तोच चालतो, शिकवणारा. मैत्रिणीला सोडायला म्हणून मागे बसवता येत नाही. एकट्याने गाडी घेऊन गेलात आणि वाटेत काही झालं, तर दंड वेगळा आणि विमा कंपनी हात वर करते ते वेगळंच.

गाडीत बसल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

सीट. क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट मागे आहे. पाठ टेकवून हात लांब केल्यावर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. मग आरसे: आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी, बाहेरच्या आरशात स्वतःच्या दाराची फक्त एक पातळ पट्टी दिसावी आणि बाकी सगळा रस्ता. त्यानंतर बेल्ट. गिअरचा दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून न्यूट्रल असल्याची खात्री, क्लच दाबून चावी.

निघताना आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, मग मान वळवून उजव्या खांद्यावरून एक नजर. हे मनातल्या मनात करू नका. शेजारी बसलेल्या निरीक्षकाला तुमची मान हललेली दिसली पाहिजे. डोळ्यांच्या कोपऱ्यातून आरसा बघणारा माणूस चांगला ड्रायव्हर असेलही, पण त्याने आरसा पाहिला हे दुसऱ्याला कसं कळणार?

माझी गाडी निघतानाच बंद पडते. काय चुकतं?

क्लच सोडण्याची पद्धत. इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. क्लच या दोघांची गाठ घालून देतो. ही गाठ हळूहळू पडली तर गाडी सरकते, एकदम पडली तर थांबलेली चाकं इंजिनलाच ओढून बंद पाडतात. क्लच वर येताना मध्ये एक टप्पा लागतो, तिथे इंजिनचा आवाज जरा जड होतो, बॉनेट हलकेच थरथरतं आणि कधी कधी पुढून किंचित उचलल्यासारखं होतं. हाच हाफ क्लच. नवशिका इथपर्यंत बरोबर येतो आणि गाडी हलली या आनंदात उरलेला क्लच धाडकन सोडून देतो. तिथेच बंद.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. सपाट, मोकळी जागा, पहिला गिअर, रेस अजिबात नाही. डावी टाच जमिनीवर टेकवा, पेडलवर तळव्याचा पुढचा भाग. क्लच त्या थरथरीपर्यंत आणा आणि तिथेच पाय गोठवा. गाडी आपोआप मुंगीच्या पावलाने चालू लागेल. मनात एक-दोन-तीन म्हणा, मग उरलेला क्लच सोडा. पुन्हा क्लच दाबून ब्रेक, थांबा. असं वीस वेळा. रोज एवढंच केलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी पाय स्वतःहून तो टप्पा ओळखतो. लहान पेट्रोल इंजिनला निघताना थोडी रेस द्यावी लागते; डिझेल गाडी बहुधा नुसत्या क्लचवरही सरकते.

टेस्टमध्ये बंद पडलीच तर घाबरून लगेच चावी फिरवू नका. आधी ब्रेक, मग क्लच, न्यूट्रल, चावी, पुन्हा आरसा. गाडी बंद पडण्यापेक्षा ती बंद पडल्यावर मागे घरंगळणं किंवा गिअरमध्येच चावी मारून गाडीने उडी घेणं महागात पडतं.

चढावर थांबवून पुन्हा काढायला सांगतात. गाडी मागे येते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५ व्या नियमात टेस्टमध्ये काय काय बघायचं याची यादी आहे. त्यात उभ्या चढावर थांबून, मागे न येता पुन्हा निघणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पद्धत अशी: थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा, मगच पाय ब्रेकवरून काढा. पहिला गिअर. थोडी रेस, इतकी की आवाज जरा वाढावा. क्लच थरथरीपर्यंत आणा आणि बॉनेट उचललं जाईपर्यंत थांबा. त्या क्षणी गाडी पुढे जायला बघते आणि हँडब्रेक तिला धरून ठेवतो. आता हँडब्रेकचं बटण दाबून खाली सोडा. सगळी भानगड क्रमाची आहे: हँडब्रेक आधी सोडला तर मागे, क्लच फार सोडला तर बंद.

अनेक नव्या गाड्यांत चढावर ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय असते. ती मदत करते, पण टेस्टला दुसरी गाडी न्यायची वेळ आली तर तीच सवय नडते.

सरावाला चढ कुठून आणायचा? उड्डाणपुलावर थांबून सराव करणं बेकायदा आहे आणि जिवावरही बेतू शकतं. आपल्याकडच्या टॉवर्सना पोडियम पार्किंग असतं, त्याचा रॅम्प उत्तम. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून, दुपारी गाड्यांची ये-जा कमी असते तेव्हा, सिक्युरिटीवाल्या काकांना खाली उभं करून अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. रॅम्पच्या तोंडाशी सुरुवात करा, मधोमध नाही; तिथे मागे आलात तरी पाठीमागे सपाट जागा असते.

रिव्हर्स घेताना स्टेअरिंग कुठे फिरवायचं तेच गोंधळतं.

गाडीची शेपटी जिकडे न्यायची, स्टेअरिंग तिकडे. बस, एवढंच. पण शेपटी डावीकडे जाते तेव्हा नाक उजवीकडे बाहेर फिरतं, हे विसरलं की पुढचा बंपर शेजारच्या खांबाला लागतो. रिव्हर्समध्ये रेसवर पाय नकोच. वेग पूर्ण हाफ क्लचने सांभाळा. मान वळवून मागच्या काचेतून बघा. कॅमेरा असला तरी फक्त स्क्रीनकडे बघत मागे येणारा उमेदवार निरीक्षकाला पटत नाही, कारण स्क्रीनमध्ये बाजूने येणारी सायकल दिसत नाही.

डाव्या कडेला दोन गाड्यांच्या मध्ये लावायची असेल तर: पुढच्या गाडीला समांतर, दोन-अडीच फूट अंतर ठेवून उभे राहा, दोन्हींचे मागचे बंपर एका रेषेत. रिव्हर्स टाकून स्टेअरिंग पूर्ण डावीकडे. गाडी साधारण ४५ अंशात तिरकी झाली की स्टेअरिंग सरळ करून मागे या. तुमचा पुढचा डावा कोपरा समोरच्या गाडीच्या मागच्या टोकापलीकडे सुटला की स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे. चार मीटरच्या गाडीला सहा मीटर जागा मिळाली तर नवशिक्यालाही जमतं. एका दमात बसली नाही तर पुढे घेऊन सरळ करा. चाक कडेवर चढवण्यापेक्षा ते बरं.

दुचाकीवर '८' काढताना पाय टेकतो. काय करू?

नजर चाकाच्या पुढे जमिनीवर असेल तर पाय टेकणारच. हँडल तुमच्या नजरेमागे जातं. वळणात शिरण्याआधीच मान वळवून वळण जिथे संपतं तिकडे बघा. गिअरच्या गाडीवर पहिला गिअर, रेस एकसारखी थोडी चढवलेली, क्लच अर्धा आणि मागचा ब्रेक पायाने जरासा लागलेला. रेस गाडीला पुढे ढकलते, मागचा ब्रेक तिला आवरतो, आणि या ओढाताणीत गाडी हळू असूनही तोल सोडत नाही. वळणात रेस पूर्ण सोडली की गाडी आतल्या बाजूला कलंडते आणि पाय खाली येतो.

स्कूटरवर क्लच नाही, म्हणून हेच काम डाव्या लिव्हरने करायचं: हलकासा दाब ठेवून किंचित रेस. उजवी लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक. हँडल वळलेलं असताना ती दाबली तर स्कूटर जागच्या जागी आडवी होते. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरमध्ये डाव्या लिव्हरने पुढचा ब्रेकही थोडा लागतो, त्यामुळे तीही जोरात आवळू नका.

सरावासाठी पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आठ-नऊ पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती फिरा. डावीकडचं वळण जमतं आणि उजवीकडचं जमत नाही, असं जवळजवळ प्रत्येकाचं होतं, तेव्हा न जमणारी बाजू दुप्पट करा. पायात बंद बूट हवेत. चपलेचा अंगठा गिअरच्या पेडलखाली अडकतो. हेल्मेट आयएसआयचं आणि पट्टा लावलेलं. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट निरीक्षक हेल्मेट धरत नाहीत.

सेन्सरचा ट्रॅक असतो म्हणतात, तो वेगळा असतो का?

कामं तीच: आठ, चढ, रिव्हर्स, पार्किंग. फरक एवढाच की चाक रेषेला लागलं, गाडी मागे आली, वेळ जास्त लागला याची नोंद सेन्सर आणि कॅमेरे करतात. पुण्याजवळ भोसरीच्या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेत असा ट्रॅक आहे. माणूस समोर असला की थोडीफार समजूत निघते, यंत्रापुढे नाही. त्यामुळे सराव करताना खडूने किंवा दोरीने रेषा आखूनच करा.

निरीक्षक तोंडी काय विचारतात?

बहुधा चिन्हं आणि हाताचे इशारे. चिन्हांची ओळख आकारावरून ठेवा: गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे इशारा, निळा चौकोन म्हणजे माहिती. दोनच अपवाद लक्षात ठेवायचे, अष्टकोनी 'थांबा' आणि उलटा त्रिकोण 'रस्ता द्या'.

हाताचे इशारे उजव्या हाताने. उजवीकडे वळायचं तर हात आडवा बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवा. वेग कमी करायचा तर हात आडवा, तळवा खाली, वर-खाली हलवा. थांबायचं तर कोपरातून हात उभा, तळवा उजवीकडे. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर आडवा हात मागून पुढे हलवत राहा. घरी आरशासमोर दोनदा करून बघा, कारण इंडिकेटरच्या जमान्यात हे कुणालाच आठवत नाही.

चौकातल्या गोलाचा प्रश्नही येतो: आधीपासून गोलात फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. अरुंद चढाच्या रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. वाशी-नेरुळच्या सेक्टरांमध्ये प्रत्यक्षात जे चाललेलं दिसतं ते उत्तर म्हणून देऊ नका.

सराव कुठे करावा?

सुरुवातीला पाम बीच रोड, ठाणे-बेलापूर रोड आणि घोडबंदर रोड, तिन्ही नकोत. पहिल्यावर गाड्या वेगात असतात, दुसऱ्यावर कंटेनर आणि तिसऱ्यावर दोन्ही. नोडांच्या आतले सेक्टररस्ते, सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता, हे सगळ्यात चांगलं. एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर सुट्टीला वर्दळ कमी असते, पण उभ्या ट्रकच्या पुढून माणूस अचानक बाहेर येतो, तेव्हा पाय ब्रेकवर तयार ठेवा.

टेस्टच्या आठवड्यात मात्र एकदा तरी स्टेशनसमोरच्या गर्दीत गाडी घाला, शेजारी शिक्षक असताना. रिक्षा, स्टॉपवर थांबलेली टीएमटी-एनएमएमटी, मध्येच उतरणारे प्रवासी यांच्यातून दुसऱ्या गिअरमध्ये न वैतागता गाडी काढता आली, तर मैदानावरचं काम त्यापुढे सोपं वाटेल.

स्लॉट जुलैचा मिळाला आहे. पावसात देऊ का?

द्या, पण तयारीने. ओला बूट क्लचवरून सटकतो. गाडीत एक कोरडं फडकं ठेवा आणि बसण्याआधी तळवे पुसा. गमबूट घालून येऊ नका, पेडल जाणवत नाही. काच आतून धुरकटली तर एसी लावून हवा काचेकडे वळवा, हाताने पुसू नका. वायपर आणि डिफॉगरची बटणं आधीच शोधून ठेवा. दुचाकीवर पांढरे पट्टे, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा आणि चिखल यांवर वळू नका, ब्रेकही मारू नका; त्या सरळ पार करा.

ऑटोमॅटिक कारवर टेस्ट देता येते का?

येते. हलक्या मोटारीचा परवाना एकच आहे, गिअरची असो वा ऑटोमॅटिक. डावा पाय बाजूला ठेवा, दोन्ही पेडल उजव्या पायानेच. ब्रेकवरून पाय काढताच गाडी सरकते, हे सवयीत हवं. स्वस्त एएमटी गाड्यांतल्या (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र सांभाळतं) काही चढावर ब्रेक सोडल्यावर क्षणभर मागे येतात, त्यांना हँडब्रेकची पद्धतच लावा. मात्र आयुष्यात गिअरची गाडी कधी हाती येणार असेल तर ती आधी शिका. लायसन्स चालवायची परवानगी देतं, पण पायाला क्लच शिकवत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट असलं की टेस्ट द्यावी लागत नाही, हे खरं का?

नेहमीच्या स्कूलच्या बाबतीत नाही. त्यांच्या फॉर्म ५ ने टेस्ट माफ होत नाही. २०२१ च्या नियमांनी सरकारमान्य 'अधिकृत चालक प्रशिक्षण केंद्र' अशी वेगळी वर्गवारी केली. तिथे कारसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यांच्या फॉर्म ५-बी वर टेस्टमधून सूट मिळू शकते. २०२४ च्या जूनमध्ये या दोन्हींची सरमिसळ होऊन मोबाइलवर बातमी फिरली. नाव नोंदवण्याआधी कुठला फॉर्म देता, एवढं विचारा.

साध्या स्कूललाही नियम आहे: कारच्या शिकवणीला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास ड्रायव्हिंग. वीस मिनिटं फिरवून 'एक दिवस' मोजणाऱ्यांकडे तास मोजून घ्या.

वय ४२ आहे आणि चष्मा लागतो. अडचण येईल का?

चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं फॉर्म १-ए लागतं; त्याखालच्यांना खासगी गाडीसाठी फॉर्म १ मधलं स्वतःचं निवेदन पुरतं. चष्म्याची अडचण नाही, तो लावून या म्हणजे झालं. फॉर्म १ मध्ये एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून कारची नंबर प्लेट वाचता येते का? सही करण्याआधी पार्किंगमध्ये तीस-बत्तीस पावलं मोजून खरंच बघा. दोन वर्षांपूर्वीचा नंबर असलेला चष्मा इथे उघडा पडतो.

एजंट लावला तर पास नक्की का?

एजंट अर्ज भरतो, स्लॉट घेतो, कागद लावतो. तेवढ्या कामाचे पैसे द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. पोर्टल वापरता येत असेल तर गरज नाही. "पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका आणि अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाका. एजंटचा क्रमांक टाकला की पुढे पत्ता बदलायलाही त्याच्याच पाया पडावं लागतं.

नापास झालो तर?

सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते, त्या प्रकाराची टेस्ट फी पुन्हा भरून. तीन वेळा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं आणि उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मैदान सोडण्याआधी निरीक्षकांना नम्रपणे विचारा, "सर, नेमकं कुठे कमी पडलो?" बहुतेक जण एका वाक्यात सांगतात, आणि ते एक वाक्य पुढच्या सात दिवसांचा अभ्यासक्रम असतो. कारमध्ये नापास आणि दुचाकीत पास असं होऊ शकतं; तेव्हा पुढचा अर्ज कसा करायचा तेही तिथेच विचारून घ्या.

पास झालो. कार्ड कधी येतं, आणि तोवर काय?

कार्ड टपालाने अर्जातल्या पत्त्यावर येतं. नोंद झाली की डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये लायसन्स दिसतं आणि ते पोलिसांना दाखवायला चालतं. स्क्रीनशॉट नाही, अॅपमधलं. घरी कुणी नसलं की कार्ड परत जातं, म्हणून पत्त्यात सेक्टर, प्लॉट, विंग, फ्लॅट सगळं पूर्ण हवं. 'स्टेशनजवळ' एवढं पोस्टमनला पुरत नाही.

मुदत वयावर ठरते: ३० च्या आत काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत, ३० ते ५० मध्ये काढलं तर १० वर्षं, ५० ते ५५ मध्ये काढलं तर साठीपर्यंत, त्यापुढे ५ वर्षं.

बाबांचं लायसन्स दीड वर्षापूर्वी संपलं. नुसतं रिन्यू होईल ना?

मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला असता तर झालं असतं. वर्ष उलटल्यावर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते, मग चाळीस वर्षांचा अनुभव का असेना. अशांना सगळ्यात जड जातं ते बेल्ट, इंडिकेटर आणि मान वळवून मागे बघणं. टेस्टच्या आधी आठवडाभर शेजारी बसून फक्त या तीन गोष्टींवर त्यांना टोकत राहा. चिडतील, पण गाडी त्यांना येतेच.